मिक्सरचं भांडं बदलायचंय? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

उन्हाळी मसाल्याचे दिवस आले की घरोघरची भांडी एकदम गळायला लागतात आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ‘भांडं’ म्हणजे मिक्सर-ग्राइंडरचं स्टीलचं भांडं, ज्याला दुकानात जार म्हणतात. केक करणाऱ्यांच्या स्टँड मिक्सरच्या बाऊलबद्दल विचारत असाल तर थेट प्रश्न १५ वर जा.

१. मिक्सर धडधाकट आहे, फक्त एक भांडं गेलंय. दुसऱ्या कंपनीचं भांडं चालेल का?

ते कंपनीच्या नावावरून ठरत नाही आणि लिटरवरून तर नाहीच. भांडं उलटं करा, तिथे उत्तर आहे. मधोमध दातेरी कपलर असतो, जो मोटरच्या कपलरमध्ये अडकतो. त्याच्याभोवती प्लास्टिकचं बूड असतं, जे मोटरच्या बॉडीवरच्या खोलगट जागेत बसतं. आणि बुडाच्या कडेला खाचा किंवा लॉकची टोकं असतात. ही तिन्ही जुळली तर भांड्यावर नाव कोणाचंही असो, काम होतं. दोन जुळून तिसरं चुकलं तर भांडं बसल्यासारखं दिसतं, पण टिकत नाही.

बहुतेकांना पटत नाही ती गोष्ट वेगळीच: एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची भांडीही कित्येकदा एकमेकांना बसत नाहीत. ‘आमचाही त्याच कंपनीचा आहे’ म्हणून वहिनीचं भांडं मागून आणण्याआधी दोन्ही उलटी करून शेजारी ठेवा.

२. दुकानात जाताना काय न्यायचं? फोटो चालेल का?

जुनं भांडं न्या. फुटलेलं असलं, हँडल तुटलेलं असलं तरी न्या, फक्त कपलर जागेवर असू द्या. जमत असेल तर मिक्सरची बॉडीसुद्धा पिशवीत घाला. वजन होतं खरं, पण पाचोऱ्याहून जळगावला दोन खेपा घालण्यापेक्षा ते बरं.

बॉडीच्या तळाला एक लेबल असतं. त्यावर मॉडेल नंबर, वॉट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. तेलकट होऊन पुसलं जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. खेड्यावरून दुकानदाराला फोटोच पाठवायचा असेल तर भांडं उलटं ठेवून अगदी सरळ वरून काढा आणि शेजारी शाळेची मोजपट्टी ठेवा. तिरप्या फोटोत बुडाचा व्यास कळत नाही. कपलरचे दात मोजून लिहा: काहींना तीन, काहींना चार, काहींना सहा असतात. दात मोटरच्या बाजूला वर आलेले आहेत की आत आहेत, तेही सांगा.

३. नवीन भांडं बसतंय, पण नीट बसतंय हे ओळखायचं कसं?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. आधी प्लग काढा. रिकामं भांडं बसवा, हँडल धरून हलकेच हलवा. थोडीशी हालचाल चालते, पण भांडं पाटासारखं डुगडुगत असेल तर बूड जुळलेलं नाही.

मग कपलरची खोली बघा. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण भांडं बसलं की दोन्ही कपलर झाकले जातात. त्यासाठी भिजवलेल्या कणकेची हरभऱ्याएवढी गोळी घ्या, तिला कोरडं पीठ लावा आणि मोटरच्या कपलरवर दोन दातांच्या मधल्या खाचेत ठेवा. भांडं बसवून वरून दाबा, मग सरळ वर उचला. आता गोळी बघा.

गोळी कागदासारखी चपटी झाली असेल तर दोन्ही कपलर एकमेकांवर टेकतायत. म्हणजे भांड्याचं वजन बॉडीवर न पडता मोटरच्या दांड्यावर पडतंय. असं भांडं चालतं, पण रबर जळल्याचा वास येतो आणि दांड्याभोवतीचा बुश लवकर झिजतो. गोळी जवळजवळ होती तशीच राहिली तर उलटी गत आहे: दात फक्त टोकाला अडकतायत. पातळ ताक घुसळाल तोवर काही होणार नाही. खोबऱ्याचं वाटण घातलं की कर्रर्र आवाज येईल आणि दात साफ होतील. गोळीची उरलेली जाडी दाताच्या उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, पण शून्य नको.

हे जमलं की खाच पुसून घ्या, भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घाला आणि एक नंबरवर काही सेकंद फिरवा. आवाज एकसारखा हवा, खडखडता नको. ही सगळी तपासणी दुकानातच होते, दुकानदाराकडे चिमूटभर कणीक सोडून सगळं असतं. कणीक घरून न्या.

४. भांड्यातलं पातं फिरत नाही, मोटर मात्र फिरते. भांडं बदलू का?

थांबा. हा बहुतेक वेळा कपलरचा दोष असतो आणि कपलर भांड्याच्या मानाने फार स्वस्त आहे. मोटरभोवती काळी भुकटी पडलीय का बघा. पडली असेल तर रबराचे किंवा नायलॉनचे दात घासले गेलेत. वरचा आणि खालचा असे दोन कपलर असतात, दोन्ही तपासा. एक पार झिजलेला आणि एक कोरा असं जोडपं बसवलं तर कोरासुद्धा लवकर जातो, म्हणून शक्यतो जोडीनेच बदला.

मोटरवरचा कपलर आट्यांवर बसवलेला असेल तर तो उघडताना नेहमीची सवय सोडा. चालताना तो आपोआप घट्ट होत राहावा असे आटे पाडलेले असतात, त्यामुळे मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवलं की तो सुटतो. उलट जोर लावून दांडा वाकवून आणणारे बरेच येतात. काही मॉडेलांत कपलर स्क्रूने धरलेला असतो, तो आधी शोधा.

५. “आमना मिक्सरनं भांडं खालतून गयस. काय करानं?”

खालून गळतंय म्हणून भांडं फेकायचं नाही. पातं ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा भांड्याच्या तळातून खाली येतो आणि तिथे बुश व वायसर असतात. वायसर कडक झाला, बुश झिजला की पाणी झिरपतं. आधी थेंब थेंब, मग काळपट तेलकट पाणी. काळपट पाणी दिसलं की त्या भांड्यात खायचं वाटणं बंद करा.

भांडं अर्धं भरून दहा मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवा. ओल मधोमध आली तर बुश-वायसर, कडेला आली तर स्टील आणि प्लास्टिकचा सांधा. पातं, दांडा, बुश असा पूर्ण संच मिळतो आणि दुरुस्तीवाला तिथल्या तिथे बसवून देतो. स्टीललाच चीर गेली असेल तर मात्र नवीन भांडं घ्या. झाळून आणलेला तळ पुन्हा फुटतो.

गळतं भांडं तसंच वापरू नका. ते पाणी सरळ मोटरमध्ये उतरतं आणि शंभर रुपयांचं काम मोटर भरून घेण्यावर जातं.

६. दीड लिटरच्या जागी मोठं भांडं घेतलं तर?

साधारण संचात ओल्या वाटणाचं दीड लिटरचं, कोरड्याचं एक लिटरचं आणि चटणीचं चारशे मिलिलिटरच्या आसपासचं भांडं येतं. मोटर या मापांचा हिशोब धरून केलेली असते. मोठं भांडं बसलं तरी ते भरून चालवण्याची ताकद मोटरमध्ये असेलच असं नाही. शिवाय उंच भांड्याने बॉडी डुलते. पाहुणे जेवायला असतील तर दोनदा वाटा.

७. ५०० वॉटच्या मिक्सरवर ७५० वॉटवाल्याचं भांडं लावलं तर मोटर जळेल का?

नुसत्या भांड्याने जळत नाही, भांड्यात काय आणि किती वेळ वाटता त्याने जळते. कपलर आणि बूड जुळलं (प्रश्न ३) तर भांडं लावा. फक्त ७५० वॉटच्या भांड्याचं पातं मोठं व जड असू शकतं, तेव्हा माल कमी घाला.

उलटं करताना जास्त जपा. हलक्या मिक्सरचं पातळ पत्र्याचं भांडं ताकदवान मोटरवर लावलं तर हँडलच्या स्क्रूपाशी आणि बुडाच्या सांध्याशी ताण येतो.

घरगुती मिक्सर सतत चालवायचं यंत्र नाही. बऱ्याच मिक्सरांच्या लेबलवर ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ अशी मर्यादा दिलेली असते आणि एकूण अर्धा तास. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मोटर आधीच गरम असते, संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असलं तर ती आणखी तापते. अशा वेळी दोनाची चार मिनिटं करा.

८. दुकानात ‘युनिव्हर्सल जार’ म्हणून मिळतो. घेऊ का?

सगळ्यांना बसणारं भांडं नसतं. त्या शब्दाचा खरा अर्थ एवढाच, की बाजारात जास्त चालणाऱ्या एका घडणीच्या मिक्सरांना ते बसतं. कपलरही असेच ‘अमुक टाइप’ म्हणून ओळखले जातात. ‘सुमीत टाइप’ म्हणजे सुमीत या जुन्या मिक्सरच्या कंपनीने केलेला नव्हे, त्या घडणीचा. तुमचा मिक्सर त्या घडणीत बसत असेल तर हे भांडं चांगलं काम देतं. प्रश्न ३ ची परीक्षा पास झाली तर घ्या, दुकानदाराच्या ‘बसतं हो ताई’वर घेऊ नका.

९. आईचा जुना सुमीत आहे. मोटर अजून पळते. भांडी कुठून आणू?

सुमीत हा आपल्याकडच्या वाटणासाठी, म्हणजे ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, कोरडा मसाला यांसाठी घडवलेला पहिल्या फळीतला भारतीय मिक्सर. तो सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने तयार केला. परदेशी ब्लेंडर अशा वाटणापुढे टिकत नसे, तिथून ही कल्पना निघाली. तो इतक्या घरांत होता की त्याच्या घडणीचे कपलर आणि भांडी इतरांनी बनवली आणि अजूनही सुटी विकली जातात.

जळगावला फुले मार्केट, धुळ्याला आग्रा रोड या भागात भांड्यांची आणि इलेक्ट्रिकची दुकानं आहेत, तिथे नव्या चकचकीत शोरूमऐवजी स्पेअर पार्ट विकणारा जुना दुकानदार गाठा. जुनं भांडं बरोबर हवंच. आणि मोटर ‘पळते’ म्हणजे चांगली आहे असं नाही. नवीन भांड्यावर पैसे घालण्याआधी वायर, कार्बन ब्रश आणि दांड्याचा खुळखुळाट तपासून घ्या. एवढ्या जुन्या मिक्सरला भांडी तीनही नवी लागत असतील तर माझं मत सरळ आहे: नवीन मिक्सर घ्या, सुमीत माळ्यावर.

१०. भांडं ३०४ स्टीलचं आहे हे चुंबक लावून कळतं म्हणतात. खरंय?

नाही. ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दोन्ही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. उलट अस्सल ३०४ दाबून खोलगट केलं की वळणाच्या जागी किंचित चिकटू शकतं. चुंबक धडाधड चिकटला तर तिसरंच काही स्टील आहे, एवढंच त्यावरून कळतं.

२०२ लागलीच गंजतं असंही नाही. पण चिंच, लिंबू, मीठ घातलेली चटणी रात्रभर तशीच ठेवलीत तर त्यावर आधी डाग पडतात. कडेचा पत्रा बोटाने दाबून बघा, हँडलचे स्क्रू बघा, पात्याला धार नीट दिली आहे का बघा. भांड्याचं आयुष्य त्यावर जास्त अवलंबून असतं.

११. काळा मसाला आणि लाल तिखटासाठी कोणतं भांडं घेऊ?

शेवभाजीच्या रोजच्या वाटणाला, म्हणजे भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, यांना चटणीचं किंवा एक लिटरचं भांडं. कांदा-खोबरं तव्यावरून काढून लगेच घालू नका. गरम मालाची वाफ झाकण उडवते आणि वायसर लवकर कडक करते. शेंगदाण्याच्या चटणीला थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो. हा भांड्याचा दोष नाही, तरी त्यासाठी भांडी बदलून मागणारे असतात.

वर्षाचं तिखट मात्र मिक्सरवर काढू नका. नंदुरबारची मिरची पोत्याने आणायची आणि चारशे मिलिलिटरच्या भांड्यात घालायची, हे गणित बसत नाही. कांडप गिरणीवर न्या. हळकुंडंही तिकडेच. अख्खं हळकुंड पात्याचं टोक मोडतं आणि मोडलेलं टोक हळदीत सापडत नाही.

१२. फक्त झाकण किंवा हँडल मिळतं का?

मिळतं. झाकणासाठी तोंडाचा आतला व्यास मोजा, बाहेरचा नको. रबरी रिंग वेगळीही मिळते. हँडलसाठी स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. हललेलं हँडल नुसतं एम-सीलने चिकटवून वापरू नका.

१३. भांडं घट्ट बसतं, पण मिक्सर चालूच होत नाही.

काही मिक्सरांच्या बॉडीत एक छोटी पिन किंवा स्विच असतो. भांड्याच्या बुडाचं टोक तो दाबतं तेव्हाच मोटर सुरू होते. बाहेरच्या भांड्याचं ते टोक आखूड असलं किंवा नसलंच, तर सगळं जुळूनही मिक्सर मुका. असं भांडं परत करा. पिनेत काडी खुपसून मिक्सर चालवण्याचा सल्ला देणारे गावोगाव आहेत. तो स्विच हात वाचवायला आहे, भांडं नसताना दातेरी कपलर फिरू नये म्हणून आहे.

जुन्या भांड्यानेही चालू होत नसेल तर बॉडीच्या तळाचं लाल बटण दाबा. जास्त ताण आला की ते बाहेर येतं. थोडा वेळ थंड होऊ द्या, मग दाबा.

१४. बाहेरचं भांडं लावलं तर वॉरंटी जाते का? आणि बसलं नाही तर पैसे परत मिळतात का?

वॉरंटी कार्डवर कंपनीचेच पार्ट वापरण्याची अट असेल तर बाहेरच्या भांड्यामुळे झालेल्या बिघाडाची दुरुस्ती कंपनी नाकारू शकते. मिक्सर वॉरंटीत असेपर्यंत भांडं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या, महाग पडलं तरी.

ऑनलाइन मागवताना नावात तुमच्या मिक्सरचा मॉडेल नंबर स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘सर्व मॉडेलना चालेल’ एवढंच लिहिलं असेल तर सोडून द्या. माल वर्णनाप्रमाणे नसेल आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. गल्लीतल्या दुकानात मात्र पक्कं बिल मागितलं तरच पुढचं बोलणं होतं. भांड्यात पाणी घालून बघा, मसाला नको. वास लागलेलं भांडं कोणी परत घेत नाही.

१५. मी घरून केक विकते. स्टँड मिक्सरचं जादा बाऊल हवंय. पाच लिटरचं कोणतंही चालेल?

नाही, आणि इथे तर मिक्सरच्या भांड्याहून जास्त बारकावे आहेत. तिथे पातं भांड्यातच असतं, इथे बीटर वरून येतो. म्हणजे बाऊल खाली पक्कं बसायला हवं आणि त्याचा आतला आकार बीटरच्या फेरीलाही जुळायला हवा.

बसण्याचे दोन मुख्य प्रकार. डोकं वर उचलणाऱ्या यंत्रात बाऊल खालच्या ताटलीत फिरवून अडकवतात. मोठ्या यंत्रात बाऊलच्या दोन्ही बाजूंना कान असतात, ते दोन हातांच्या खुंट्यांवर टेकतात आणि बाऊल दांड्याने वर उचललं जातं. या दोघांची अदलाबदल होत नाही. किचनएडच्या डोकं उचलणाऱ्या ४.५ आणि ५ क्वार्टच्या यंत्रांना बहुतेक समान बाऊल चालतात, पण त्यांच्या लहान ३.५ क्वार्टच्या यंत्राचं बाऊल वेगळं. केनवुडचं साधं शेफ आणि मोठं शेफ एक्सएल यांचंही तसंच. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत ताटलीतल्या खाचा कंपनीगणिक वेगळ्या असतात, तिथे मॉडेल नंबरशिवाय पाऊल टाकू नका.

क्वार्ट हे अमेरिकी माप, एक क्वार्ट म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटर. ४.५ क्वार्टचं बाऊल सव्वाचार लिटरच्या थोडं वर भरतं. ‘साडेचार’ वाचून साडेचार लिटर समजू नका.

१६. नवीन बाऊल बसलं, पण तळाला मैदा तसाच राहतो. किंवा बीटर घासतो.

बीटर आणि तळ यांतलं अंतर बिघडलंय. रिकाम्या बाऊलमध्ये एक नाणं टाका, चपटा बीटर लावा आणि सगळ्यात कमी वेगावर चालवा. बीटरने नाणं अधूनमधून थोडं थोडं सरकवलं तर ठीक. नाणं हललंच नाही तर बीटर उंच आहे, सतत फरफटलं तर खाली आहे. किचनएडसारख्या यंत्रांत डोक्याच्या सांध्यापाशी किंवा हातापाशी हे अंतर बदलण्याचा स्क्रू असतो, एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका. स्क्रू नसलेल्या यंत्रात हे बाऊल तुमचं नाही, परत करा.

१७. उन्हाळ्यात क्रीम फुगत नाही. काचेचं बाऊल घेऊ की स्टीलचं?

स्टीलचं, आणि दोन घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे स्वयंपाकघरच तापलेलं असतं. स्टील पटकन थंड होतं. एक बाऊल आणि तारेचा बीटर फ्रीजरमध्ये, दुसऱ्यात काम, मग अदलाबदल. काचेचं बाऊल थंडी जास्त वेळ धरतं हे खरं, पण ते जड असतं आणि फ्रीजरमधून काढून लगेच गरम ओट्यावर टेकवलं तर तडकू शकतं. थंड बाऊलच्या बाहेर घाम येतो. ताटलीत अडकवण्याआधी पुसा, नाहीतर काम झाल्यावर ते निघत नाही.

१८. फूड प्रोसेसरचं कणकेचं भांडं स्टँड मिक्सरला बसेल का?

नाही. त्याला तळातून दांडा येतो, इथे वरून.

१९. मुलाने अमेरिकेहून स्टँड मिक्सर आणलाय. इथे घेतलेलं बाऊल चालेल का?

बाऊल चालेल. तीच मालिका, तेच माप असेल तर बाऊलला वीज लागत नाही, त्यामुळे देशाचा फरक पडत नाही (प्रश्न १५). अडचण यंत्राची आहे. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून चालू केलं तर ते जळेल. लेबलवरच्या वॉटपेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. हॉटेलात फोन चार्जरसाठी देतात तो डबा नाही; हातात धरल्यावर जड लागतो तो. त्याची किंमत विचारा आणि मगच जादा बाऊलची ऑर्डर द्या.